गोठ्यातील हवा आणि वाया जाणारे खत



पहाटे बंद गोठ्याचे दार उघडताच जो उग्र दर्प नाकाडोळ्यांना झोंबतो, तो 'गोठ्याचा वास' म्हणून दुर्लक्षिला जातो. वस्तुतः तो अमोनिया वायू होय. तो गुरांना अपाय करतो आणि शेतकऱ्याचे खतही हवेत उडवून नेतो.

त्याची उत्पत्ती समजून घेणे अगत्याचे आहे. गाईला चारा व पेंड यांतून मिळणाऱ्या नत्रापैकी साधारणतः पाव भागच दुधात उतरतो. उरलेला बहुतेक भाग शेण व मूत्र यांवाटे बाहेर पडतो. मूत्रातील नत्र मुख्यतः युरियाच्या रूपात असते. शेणातील जिवाणूंपाशी युरिएज नावाचे विकर असते. मूत्र शेणात मिसळले की हे विकर युरियाचे विघटन करते आणि काही तासांतच अमोनिया सुटू लागतो. म्हणून शेण व मूत्र एकमेकांत मिसळू न देणे, हाच मूळ उपाय होय.

थंडीत गोठा चहूबाजूंनी गोणपाटाने बंद केला जातो. हेतू चांगला असला तरी वायू आतच कोंडतो. वासरे ओल्या जमिनीलगतच बसतात. त्यांच्या श्वासनलिकेचे नाजूक अस्तर दुखावले की फुप्फुसदाहास वाव मिळतो. धार काढणाऱ्यांच्या डोळ्यांची आग होते ती वेगळीच. बाहेर पडलेला अमोनिया धुरातील आम्लांशी संयोग पावून सूक्ष्म धूलिकण निर्माण करतो. त्यामुळे हा प्रश्न एका घरापुरता उरत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. जमीन पक्की असावी व तिला ४० फुटांस १ फूट या प्रमाणात उतार असावा. मूत्र नालीवाटे बाहेरच्या झाकलेल्या टाकीत जावे. शेण दिवसातून निदान दोनदा उचलावे. बसण्याच्या जागी कोरडा भुसा पसरावा. थंडीतही आढ्याशी फट मोकळी ठेवावी. वास सुटलेल्या ओल्या जमिनीवर मात्र चुना टाकू नये. त्याने अमोनिया अधिकच सुटतो.

युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. ते विकत आणायचे आणि गोठ्यातले नत्र वाऱ्यावर सोडायचे, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे. गोठ्याचा आराखडा पाहताना उतार, नाली आणि आढ्याची फट या तीन गोष्टी पंचायतीने आवर्जून तपासाव्यात. शिक्षकांनी नत्राचा हा प्रवास मुलांना गावातल्याच गोठ्यात दाखवावा. घराघरांतून हा विचार रुजला, तर जनावरे निरोगी राहतील आणि गोठ्याचे खत शेताला मिळेल.