दोष कुणाचा, पहारा कुणावर?

(बुलढाणा येथील भाषण)

बुलढाण्यात या विषयावर बोलताना येथल्याच ताराबाई शिंदे यांचे स्मरण अपरिहार्य आहे. सुरतेतील एका विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल 1881 साली फाशीची शिक्षा झाली आणि सनातन्यांनी समस्त स्त्रीजातीला दूषणे दिली. पुरुषाच्या दोषाचे काय, असा सवाल 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून ताराबाईंनी केला.

आज जोडीदाराचा शोध मोबाईलवरील डेटिंग ॲपवर होतो. जातीच्या पहाऱ्याबाहेर दोन माणसे भेटू शकतात, हे स्वागतार्हच आहे. परंतु तेथे माणसाचे एकाकीपण, आवडनिवड, ठावठिकाणा हा सारा नफ्याचा कच्चा माल ठरतो. ग्राइंडर या समलिंगी पुरुषांच्या ॲपने वापरणाऱ्यांची एचआयव्हीविषयक माहितीही अन्य कंपन्यांना दिल्याचे 2018 साली उघड झाले.

अशा ॲपवरील ओळखीतून जुळलेल्या संबंधात महाराष्ट्रातील एका तरुणीची 2022 साली हत्या झाली. शासनाने काय केले? त्याच डिसेंबरात आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली! कंपनीला जाब नाही. पहारा मात्र सज्ञान स्त्रीच्या निवडीवर.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली दिला. तो शासनापासून जपायचा, तसाच भांडवलापासून आणि घरातल्या वडीलधाऱ्यांपासूनही. मुलीचा मोबाईल काढून घेणे हा उपाय नव्हे. फसवली गेलेली मुलगी आपल्या दारी आली, तर ‘तू तेथे गेलीसच का?’ असे आपण विचारणार नाही, एवढा निर्धार करून येथून उठू या.