बाण मुलीच्या मापाचा हवा

एरवी मी हप्ते, व्याज आणि पासबुक यांवर बोलते. आज बाणांवर बोलणार आहे. हसू नका, विषय शेवटी कर्जाचाच आहे.

आमच्या गटातली एक ताई चाकण एमआयडीसीत कंत्राटी कामाला जाते. तिची लेक आठवीत आहे. २०२३ साली साताऱ्याची सतरा वर्षांची आदिती स्वामी बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हापासून या पोरीला तिरंदाजीचं वेड लागलं. आदितीचं धनुष्य कंपाउंड, म्हणजे चाकं असलेलं आणि महागडं. हिला मिळालं ते साधं लाकडी रिकर्व्ह. टोकं पुढे वळलेली, एक दोरी, बस्स.

बाणांसाठी ताईनं गटातून पाच हजार रुपये उचलले आणि कार्बनचे डझनभर बाण आणले. दुकानदार म्हणाला, “कडक घ्या, टिकतील.” आम्हालाही पटलं. पातेलं घेताना आपण जाड बुडाचंच घेतो ना!

दोन महिने बाण डावीकडेच जात राहिले. पोरगी घरी येऊन रडायची. बैठकीत ताई मला म्हणाली, “मॅडम, तिच्या हातात नाही ते. बंद करते आता.” हप्ते मात्र चालूच होते. तेवढ्यात मैदानावरच्या एका जुन्या खेळाडूनं तिचा बाण हातात घेतला, जरासा वाकवून पाहिला आणि म्हणाला, “पोरीचं चुकत नाही. हा बाण तिच्या धनुष्याचा नाही.”

म्हणजे काय? खराट्याचा एक हीर घ्या, टोक भिंतीला टेकवा आणि मागून दाबा. हीर मधे वाकतो. दोरी सुटली की बाणही तसाच वाकतो. साध्या धनुष्यात बाण दांडीच्या बाजूला टेकलेला असतो, म्हणून त्याला वाकून, दांडीला वळसा घालून पुढे जावं लागतं. बाण फार कडक असेल तर तो पुरेसा वाकत नाही आणि उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार मऊ असेल तर उजवीकडे जातो. डावखुऱ्यांचं याच्या उलट.

बाणाच्या या कडकपणाला स्पाइन म्हणतात. कार्बनच्या बाणावर त्याचा आकडा छापलेला असतो. आकडा मोठा, तर बाण मऊ. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर बाण आडवा ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगतात. बाण अर्धा इंच वाकला तर स्पाइन ५००, एक इंच वाकला तर १०००. आम्ही दोन खुर्च्या, तांदळाची पिशवी आणि शाळेची पट्टी घेऊन हे करून पाहिलं. हिचा बाण जेमतेम अर्धा इंच वाकला.

आता धनुष्य बघा. त्यावर २८ पाउंड लिहिलं होतं. पण तो आकडा दोरी २८ इंच ओढली तरचा. ही ओढते २५ इंच. आम्ही सामान तोलायचा हुकाचा काटा दोरीला लावून तेवढंच ओढून पाहिलं. भरले दहा किलो, म्हणजे २२ पाउंड. तिला हवा होता १०००च्या आसपासचा बाण, आणि आम्ही दिला होता ४० पाउंडांच्या पुढच्या धनुष्याला चालेल असा!

इंडियन राउंड प्रकारात बांबूचे धनुष्यबाण असतात. बांबूच्या बाणांवर आकडा नसतो. तिथे प्रत्येक बाण असाच वाकवून पाहा आणि सारखे वाकणारे एकत्र ठेवा.

घेताना एकदम डझन घेऊ नका. आधी दोन-तीन घ्या. एका बाणाची पिसं काढून तो पिसांच्या बाणांबरोबर मारून बघा. बिनपिसाचा डावीकडे पडला तर बाण कडक, उजवीकडे पडला तर मऊ. थोडाच फरक असेल तर जमवता येतं. कडक बाणाला पुढचं टोक जड लावा. मऊ बाणाला हलकं टोक लावा किंवा तो थोडा-थोडा कापा. बाण लांब तर मऊ, आखूड तर कडक. पण मुलीच्या ओढीपेक्षा आखूड कधीच करू नका, हाताला इजा होईल. कापण्याचं काम प्रशिक्षकांसमोरच करा. कार्बनचा बाण मारण्याआधी दर वेळी हलका वाकवून कान द्या. करकर आवाज आला किंवा चीर दिसली तर तो बाण बाद. तुटला तर त्याच्या कुसळा हातात घुसतात. आणि बाण न लावता ओढलेली दोरी सोडायची नाही, धनुष्य मोडतं.

आमच्या बाणांत फरक फार मोठा होता, टोक बदलून भागलं नाही. ते बाण जड धनुष्य वापरणाऱ्या एका मोठ्या मुलाला निम्म्या किमतीत दिले. ताईला नवे सहा बाण घ्यावे लागले. तोटा झालाच. म्हणून गटानं ठरवलंय, खेळाच्या सामानाला कर्ज द्यायचं तर आधी मुलीची ओढ मोजायची, दोन बाण मारून बघायचे, मगच पैसे.

पोरीला अजून पदक नाही. पण बाण चुकला तर आता ती रडत नाही. आधी बाण बघते, मग स्वतःचा हात बघते. तिची आई परवा म्हणाली, “मॅडम, मी उगाच तिला बोल लावत होते.”

पुढच्या वेळी पुन्हा हप्त्यांवर बोलू.