हात आणि वाचा



‘उजव्या अंगावरून वारं गेलं आणि वाचाही बसली,’ असं जुन्नर-आंबेगावकडचे नातेवाईक सांगतात, तेव्हा त्यांना ही दोन वेगळी संकटं वाटतात. खरं तर मेंदूतली इजा एकच असते. उजवा हात मेंदूच्या डाव्या भागाच्या हुकमतीत असतो आणि बहुतेकांच्या भाषेचं कामही त्याच बाजूला चालतं. या दोन्ही जागांना रक्त पुरवणारी मोठी रक्तवाहिनी एकच. येडगाव धरणातून निघणारा कुकडीचा डावा कालवा तोंडाशीच तुंबला तर खालच्या सगळ्या चाऱ्या कोरड्या पडतात. एखाद्याच चारीत अडलं तर तेवढंच शिवार वाळतं. रक्तवाहिनीचंही तसंच, म्हणून कुणाचा हात आणि वाचा दोन्ही जातात, तर कुणाची फक्त वाचा जाते.

घरचे फसतात ते या दुसऱ्या प्रकारात. हातपाय धड, चालतोय-फिरतोय, पण बोलणं असंबद्ध. मग ‘डोक्यावर परिणाम झाला’ किंवा ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणून दोन दिवस भलतीकडेच जातात. पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ साली लबोर्न्य नावाच्या रुग्णाची हकिगत मांडली. त्याला ‘तां’ एवढंच म्हणता येई. त्याची वाचा आधी गेली होती, उजवा हात लुळा पडला तो सुमारे १० वर्षांनी. तेव्हा बोलणं अचानक बिघडलं, तर हात पडायची वाट पाहू नका.

लगेच १०८ ला फोन करा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. भीमाशंकरच्या बाजूच्या वाडीतून निघून, चाकणच्या कोंडीतून पुण्याला पोचायचं तर यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. म्हणून निघतानाच रुग्णालयाला फोन करून विचारा: तुमच्याकडे सीटी स्कॅन आत्ता होईल का, हे इंजेक्शन मिळेल का? रुग्ण शेवटचा कधी ठणठणीत दिसला, ती वेळ कागदावर लिहून घ्या. तोंडात पाणी, गोळी, काढा काही घालू नका. गिळणंही बिघडलेलं असू शकतं.

आता घरी परतल्यानंतरचं. बहुतेक घरांत हाताला मालीश सुरू होते आणि वाचेबद्दल ‘येईल हळूहळू’ म्हणून सोडून देतात. मला हे पटत नाही. मोठ्याने वाचताना मेंदूतला उजव्या हाताचा भागही जास्त जागा होतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. हाताच्या व्यायामाने भाषाही सुधारल्याचं काही अभ्यासांत आढळलं. पण रुग्ण थोडे होते, तेव्हा हमी कुणी देऊ नये. हाताचा व्यायाम मात्र करायचाच असतो, मग तो मुक्याने का करायचा?

समोर ताट घ्या, त्यात एक टोमॅटो ठेवा. नारायणगावात त्याला काय तोटा! रुग्णाने डाव्या हाताने उजव्या मनगटाला आधार देत हात टोमॅटोपर्यंत सरकवायचा आणि बोटं टेकताना ‘टोमॅटो’ म्हणायचं. शब्द अडला तर लगेच पुरवू नका. थोडं थांबा, मग नुसतं ‘टो’ म्हणा आणि पुन्हा थांबा. मग वाटी, किल्ली, चष्मा. त्याच्या रोजच्या वापरातल्या वस्तू घ्या. १०-१५ मिनिटं पुरे, पण दिवसातून दोन-तीनदा. उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. हे सगळं वाचा-उपचारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांना एकदा दाखवूनच सुरू करा.

आणखी एक गोष्ट घरच्यांना चक्रावून टाकते. भजनी मंडळात आयुष्य घालवलेल्या माणसाला ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण अभंगाची ओळ सलग निघते. लगेच सून म्हणते, ‘मामंजी नाटक करतात.’ नाटक नाही हो! पाठ असलेलं आणि चालीतलं बोलणं मेंदूत बऱ्याचदा वेगळ्या वाटेने येतं. डाव्या हाताने ताल धरून, सुरात वाक्य म्हणवून घेण्याची उपचारपद्धत १९७३ पासून माहीत आहे. टाळकऱ्याला ती शिकवायला फारसं लागतही नाही.

‘बोलता येत नाही तर पाटी द्या, डाव्या हाताने लिहील,’ असंही सुचवतात. वाचाघातात, म्हणजे मेंदूच्या इजेने अशी वाचा जाते तेव्हा, बहुधा लिहिणंही बिघडतं, कारण बिघाड जिभेचा नसून भाषेचा असतो. ‘हो’ म्हणायचं असताना तोंडून ‘नाही’ निघतं. पण बुद्धी शाबूत असू शकते. म्हणूनच वाटणीच्या कागदावर ‘त्यांना काय कळतंय’ म्हणत अंगठा उठवून घेणं मला फार खटकतं. कळतंय का, हे आधी तज्ज्ञाकडून तपासून घ्या. छोटी वाक्यं, एका वेळी एकच प्रश्न आणि उत्तरासाठी बोट ठेवायला चित्रं, एवढी तयारी ठेवली तर पुष्कळ जण आपलं मत नीट सांगतात.

शेवटी कागदपत्रांचं. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात वाचाघातामुळे कायम राहिलेल्या भाषेच्या अडचणीचा स्पष्ट उल्लेख आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना लोक फक्त हातापायाचं लिहितात. वाचेचंही लिहा आणि तिची तपासणी मागून घ्या.