चार गुणांचे अंतर

(गेल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय जाहीर झाल्यावर मला तीन फोन आले. तिन्ही आयांचे, आणि तिघींचे म्हणणे एकच: "ताई, आमचं नाव घेऊ नका हं." म्हणून मी माझ्याच घरातले सांगणार आहे. माझ्या बहिणीची परवानगी घेतली आहे, भाच्याचीही. तो म्हणाला, "मावशी, सांग. पण मला हिरो करू नकोस."

२०२३ची गोष्ट. ताईचा मुलगा लहानपणापासून डॉक्टरच व्हायचा होता. म्हणजे तसे आम्हीच ठरवले होते. मी शाळेत तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले, त्यामुळे त्यात माझाही हात होता. नीटचा निकाल लागला, मार्क चांगले आले. मग प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या. प्रत्येक फेरीला वाटे, यादी आता त्याच्यापर्यंत उतरेल. शेवटच्या फेरीत ती त्याच्या वर चार गुणांवर थांबली.

नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला एक वजा. म्हणजे एक प्रश्न. मी त्याला फोनवर म्हणाले, "अरे, एका प्रश्नाचं काय एवढं! पुढच्या वर्षी सहज होईल." तो म्हणाला, "मावशी, त्या चार मार्कांत देशात किती हजार मुलं उभी आहेत, माहीत आहे तुला?" मला माहीत नव्हते. तीस वर्षे शिकवूनही नव्हते.

आपल्यातल्या ज्येष्ठांची अडचण मी समजू शकते. १९४९ साली बडोदा मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हापासून कितीतरी वर्षे इंटर सायन्सच्या मार्कांवर आपली मुले तिथे गेली. दांडिया बाजारात, राजमहाल रोडवर दर चार घरांत एक डॉक्टर होता. त्यांना वाटते, नीट 'पास' झाला म्हणजे प्रवेश मिळाला. तसे नाही. खुल्या गटात पन्नासाव्या पर्सेंटाइलला मूल पात्र ठरते. पात्र म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी, एवढेच. ७२०पैकी सरकारी जागेला लागणारे गुण त्याच्या कितीतरी वर असतात.

दुसरा गैरसमज खास आपला. "आपण महाराष्ट्रीय, मग पुण्या-नागपूरला बघा ना!" सरकारी कॉलेजातल्या पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या राज्याच्या मुलांसाठी असतात. महाराष्ट्रातल्या त्या जागांसाठी, काही अपवाद सोडले तर, दहावी-बारावी तिथून झालेली असावी लागते आणि अधिवासाचा दाखलाही लागतो. चार पिढ्या बडोद्यात राहिलेल्या घरातले मूल मराठी बोलत असले तरी कागदावर गुजरातचेच. अभिमत विद्यापीठे सर्वांना खुली आहेत, पण त्यांची फी एकदा शांतपणे पाहा. आणि फिक्स्ड डिपॉझिट मोडून परदेशात पाठवण्याचा विचार असेल, तर आधी २०२१चा नियम वाचा: किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप, शिक्षण इंग्रजीतून. परत आल्यावर इथली परीक्षा, आणि तिच्यात दर वेळी बहुतेक मुले नापास होतात. एजंटाच्या पत्रकात हे शेवटच्या पानावरही नसते.

असो. मूळ गोष्टीकडे येते.

त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला बसले. ताईकडे दीड दिवसाचा असतो, सगळे नातेवाईक दर्शनाला येतात. मोदक हातात घेता घेता प्रत्येकाचा एकच प्रश्न: "काय, मेडिकल मिळालं का?" पोरगा आरतीलाही खाली आला नाही. गच्चीवर बसून राहिला. ताई दारात उभी राहून स्वतःच उत्तरे देत होती: "चारच मार्कांनी गेलं हो." सतरा वेळा तरी. गच्चीवर ते ऐकू जात होते, हे आम्हाला नंतर कळले. "त्याचं ठरलं की तोच सांगेल," एवढे म्हटले असते तरी पुरले असते. हे वाक्य मी आता इतरांना देते, स्वतःला तेव्हा सुचले नाही.

भाऊजींनी तोवर पुन्हा क्लासची फी भरून टाकली होती. त्याला विचारले नव्हते. तो नोव्हेंबरपर्यंत गेला. मग एके दिवशी क्लासमधून फोन आला, मुलगा दोन आठवडे येत नाहीये. रोज सकाळी डबा घेऊन तो कमाटीबागेत जाऊन बसत होता.

त्या रात्री ताईने मला बोलावले. मी त्याच्या खोलीत बसले आणि सरळ विचारले, "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, असे आपल्याकडे समजतात. ते खरे नाही. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "कधी कधी." दुसऱ्याच दिवशी आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. कोणाला रात्री-अपरात्री गरज पडली तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ या नंबरवर, चोवीस तास. कृपया लिहून घ्या. संकोच नको.

पुढे जानेवारीत त्याचा पेपर घेऊन आम्ही एका भौतिकशास्त्राच्या शिक्षकांकडे बसलो. हे खरे म्हणजे जूनमध्येच करायला हवे होते. जीवशास्त्रात, म्हणजे ३६०च्या भागात, त्याचे जवळजवळ काही जात नव्हते. जात होते ते सगळे भौतिकशास्त्रात, आणि ते घाईने नाही, तो विषय त्याच्या अंगातच नव्हता. मग आणखी एक वर्ष त्याच क्लासला बसून काय होणार होते? ज्याचे गुण परीक्षेतल्या घाबरटपणाने गेले, त्याने जरूर पुन्हा बसावे, पण मूल स्वतः म्हणत असेल तर, आणि एकदाच.

या वेळी कोणीतरी व्यंकटरामन रामकृष्णन यांचे उदाहरण देतेच. बडोद्यात वाढले, त्यांनाही वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजात आणि आयआयटीत प्रवेश मिळाला नव्हता, आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले आणि २००९मध्ये नोबेल मिळवले. उदाहरण खरे आहे. पण मीही ते भाच्याला दिले, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आता नोबेल मिळवायचं का?" तेव्हापासून मी ते मुलांसमोर काढत नाही. एका मुलाला चार गुण कमी पडल्याची भरपाई म्हणून नोबेल मागणे काही बरे नव्हे.

त्याला माणसांत, आजारपणात काम करायचे होते, हे त्याने स्वतः सांगितले. बी.एस्सी., फार्मसी, आहारशास्त्र, नर्सिंग, सगळ्याची माहिती त्याने काढली. आम्ही फक्त गाडी चालवली. २०२४च्या जूनमध्ये बारावीच्या गुणांवर फिजिओथेरपीला नाव घातले. भाऊजी महिनाभर फारसे बोलले नाहीत. नातेवाइकांत अजूनही कोणी "मग पुढे एमबीबीएस करता येतं का?" विचारते. तो "नाही" म्हणतो आणि विषय बदलतो.

आता दुसऱ्या वर्षाला आहे. माझा उजवा गुडघा त्याच्या ताब्यात आहे. व्यायाम चुकवला की शाळेतल्या बाईंसारखा रागावतो. गेल्या महिन्यात मला घेऊन एसएसजी हॉस्पिटलवरून स्कूटरने जात होता. मेडिकल कॉलेजच्या फाटकाशी आल्यावर त्याने स्कूटर थोडी हळू केली, आत पाहिले, आणि मग सिग्नल सुटायच्या आत रावपुऱ्याकडे वळवली. मी काही बोलले नाही.