घड्याळ मागे होतं

गोष्ट आमच्या अंधेरीच्या घरातली. पावसाळ्यात भिंतीला ओल आली म्हणून कॉम्प्युटर महिनाभर कोपऱ्यात झाकून ठेवला होता. मुलीच्या प्रवेशअर्जाची शेवटची तारीख आली, तेव्हा तो काढून लावला, तर एकही पान उघडेना. त्याच वाय-फायवर माझ्या मोबाइलवर मात्र निरोप धडाधड येत होते. म्हणजे इंटरनेट होतं, पान नव्हतं.

राउटर बंद करून चालू केला. दुसरा ब्राउजर उघडला. मग धाकट्यावर घसरलो, "तूच कसले तरी गेम टाकलेस!" तो बिचारा म्हणाला, "अब्बा, मी हातही लावला नाही." मी ऐकलं नाही.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि इथे मुंबईत इंटरनेट रडतखडत चालू लागलं. आमच्या वर्सोव्याच्या किनाऱ्यालाही अशा केबल येऊन लागतात. तेव्हापासून पान अडलं की मला वाटतं, दोष दूर समुद्रात असेल, नाहीतर घरातल्या कुणाचा असेल.

शेवटी शेजारचा मुलगा आला. पडद्याकडे पाहून म्हणाला, "चाचा, इथे काय लिहिलंय ते वाचलंत का?" इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं की तुमचं घड्याळ मागे आहे. कोपऱ्यात तारीख होती, १ जानेवारी २००९! मी बी.ए. झालेला, शब्दांवर प्रेम करणारा माणूस. पण लाल खूण दिसली आणि पुढचं वाचलंच नाही.

त्यानं समजावलं. कॉम्प्युटरच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसताना तो घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. आणि प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असतं, त्यावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. कॉम्प्युटर २००९ सालात बसलेला. त्याच्या लेखी आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. म्हणून तो दार उघडत नाही. तारीख बरोबर केली आणि पान उघडलं. अर्ज रात्री अकराला गेला. सेल दुसऱ्या दिवशी बदलला.

उलटही घडतं. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगात अनेक जुन्या फोनांवर चांगली पानं अडली. तिथे घड्याळ बरोबर होतं, फोनच नवं प्रमाणपत्र ओळखत नव्हता.

तेव्हा पान उघडलं नाही, तर आधी दुसरं संकेतस्थळ उघडून पाहा, मग तारीख-वेळ पाहा, आणि पडद्यावरचा मजकूर सावकाश वाचा. राउटर त्यानंतर.

त्या रात्री धाकट्याला जवळ घेऊन म्हटलं, "बेटा, चूक माझी होती." तो म्हणाला, "अब्बा, घड्याळाची होती." त्याचं मन मोठं. पण घड्याळ बिघडलं होतं, आणि मी न पाहता बोललो होतो. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.