पाचशे प्रती, किंमत नऊ आणे



अध्यक्षानं सुरुवातीची दहा मिनिटं आभारात घालवायची असतात. तुमच्या आदरातिथ्याचे आभार मी एवढ्यावरच मानते, कारण मला भांडायचं आहे आणि वेळ थोडा आहे.

भांडण निमंत्रणपत्रिकेपासूनच सुरू करू. पत्रिकेवर चार थोर पुरुष आहेत. चौघांबद्दलही मला आदर आहे. पण संमेलन बुलढाण्यात भरतंय, आणि या गावच्या ताराबाई शिंद्यांचं नाव पत्रिकेत कुठेही नाही. विचारलं तर उत्तर आलं, ‘मॅडम, त्यांचा चांगला फोटो मिळाला नाही.’ नाव छापायला फोटो कधीपासून लागायला लागला?

म्हणून आज मी एकाच वर्षाबद्दल बोलणार आहे. १८८२. हे वर्ष आपल्याकडे प्रत्येकाच्या घरी आहे, पण प्रत्येकाच्या घरी त्याचा वेगळा तुकडा आहे. टिळक-आगरकरवाल्यांकडे डोंगरीचा तुरुंग आहे. फुलेवाल्यांकडे हंटर शिक्षण आयोगापुढचं निवेदन आहे. नाट्यसंगीतवाल्यांकडे १८ नोव्हेंबरचा ‘सौभद्र’चा पहिला प्रयोग आहे, अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्या रात्री तीनच अंक केले होते. निबंधमालावाल्यांकडे १७ मार्च आहे, विष्णुशास्त्री चिपळूणकर ऐन बत्तिशीच्या उंबरठ्यावर गेले तो दिवस. प्रत्येकाची जयंती वेगळी, पुण्यतिथी वेगळी, हार वेगळा, वक्ता वेगळा. दुसऱ्याच्या मांडवात कोणी फिरकत नाही. आणि मग आपण म्हणतो की मराठी समाज एकत्र येत नाही हो!

तो समाज १८८२ मध्येही गळ्यात गळे घालत नव्हता. चिपळूणकरांनी जोतीरावांच्या लिखाणाची, त्यांच्या व्याकरणाचीसुद्धा, निबंधमालेत यथेच्छ टिंगल केली होती. पण कोल्हापूरचं प्रकरण बघा. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतोय अशा बातम्यांवरून केसरी आणि मराठा ही दोन्ही वृत्तपत्रं दिवाण माधवराव बर्व्यांवर तुटून पडली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांच्या भरवशावर लिहिलं होतं ती बनावट निघाली. खटला चालू असताना दहा हजार रुपयांचा जामीन कोणी दिला? रामशेठ उरवणे यांनी. जोतीराव फुल्यांचे स्नेही, सत्यशोधक. कोणासाठी? चिपळूणकरांच्या जोडीदारांसाठी, टिळक-आगरकरांसाठी. १७ जुलैला चार महिन्यांची शिक्षा झाली, २६ ऑक्टोबरला दोघे सुटले, आणि मुंबईत त्यांच्या स्वागताला नारायण मेघाजी लोखंडे, तेही सत्यशोधकच, पुढे होते. आज एका गटाच्या संपादकावर खटला झाला तर दुसऱ्या गटातलं कोण कोर्टाची पायरी चढेल? हात वर करू नका, अवघडल्यासारखं होईल.

आता तारखा एकमेकींशेजारी ठेवून बघा. आपण त्या ठेवत नाही म्हणून आपल्याला काही दिसत नाही. टिळक-आगरकर डोंगरीत आहेत, आणि ५ सप्टेंबरला पुण्यात हंटर आयोगापुढे चोवीस वर्षांची एक विधवा साक्ष देतेय. पंडिता रमाबाई. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत नवरा गेला, पदरी वर्षाचीही न झालेली मुलगी. अशी ही बाई पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढते, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहून छापते, आणि सरकारच्या आयोगाला मराठीत ठणकावून सांगते की मुलींना शिकवायला स्त्री शिक्षक हव्यात आणि बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात. त्या आयोगावर काशिनाथ त्रिंबक तेलंग सभासद होते, म्हणजे टेबलाच्या त्या बाजूलाही मराठी माणूस होता.

१९ ऑक्टोबरला जोतीरावांचं निवेदन. टिळक-आगरकर सुटायला आठवडा बाकी आहे. मी हे निवेदन दरवर्षी वाचते आणि दरवर्षी मला त्यातला एक हिशेब खटकतो; आजच्या आपल्याला खटकावा असा तो आहे. सारा भरतो रयत आणि शिकतो कोण, हा त्यांचा मूळ प्रश्न. तो सगळ्यांना पाठ आहे, भाषणात टाळ्या घेतो. पण पुढे ते पगारावर येतात. प्राथमिक शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी देऊ नका, मोठ्या गावात पंधरा किंवा वीस द्या. शिक्षक शेतकरी समाजातूनही घ्या. मुलांना मोडी-बाळबोध लिहिता-वाचता येऊ द्या, हिशेब शिकवा, शेतीचं ज्ञान द्या. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचं करा. हे कवितेचं वाक्य नाही, हे अंदाजपत्रक आहे. आणि आज त्यांच्या फोटोला हार घालणारी माणसंच कमी पटाची शाळा बंद करून मुलांना चार कोस पलीकडे पाठवण्याच्या फायलीवर सही करतात. शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर उमेदीची वर्षं घालवलेले किती जण या मांडवात बसलेत, ते त्यांच्या चेहऱ्यावर मला इथून दिसतंय. मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण ढोल वाजवले. वाजवा. पण पहिलीच्या वर्गावर शिक्षक नसेल तर ती अभिजात भाषा वाचणार कोण?

आता ताराबाई. वडील बापूजी हरि शिंदे, इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजाचे सभासद. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यातही नव्हतं. आणि इथून एक बाई पुस्तक लिहिते, ते पुण्याच्या शिवाजी छापखान्यात छापलं जातं: ‘स्त्रीपुरुषतुलना’, १८८२, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. निमित्त सुरतेचं. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःचं मूल मारल्याचा आरोप शाबीत झाला, फाशी सुनावली गेली, अपिलात शिक्षा सौम्य झाली. ‘पुणेवैभव’ पत्रानं त्या निमित्तानं समस्त बायकांच्या चारित्र्याचा उद्धार सुरू केला. ताराबाईंनी लेखणी उचलली ती त्यावर.

या पुस्तकाबद्दल चार ओळी लिहिणारे लोकही ‘स्त्रीमुक्तीचा आद्य आवाज’ एवढं म्हणून ते बाजूला ठेवतात. माझं दुसरं भांडण इथे आहे. ताराबाई समीक्षक आहे. सुभाषितकारांनी बायकांना चिकटवलेला एकेक दोष ती उचलते, साहस, कपट, अविचार, आणि तो पुरुषाच्या पदरात घालून वजन करून दाखवते. पुराणातल्या देवांना आणि ऋषींना ती सोडत नाही. आणि मग ती तिच्या काळच्या लोकप्रिय पुस्तकांवर येते. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ नाटक. यातल्या बायका अशा का रंगवल्या, कोणाच्या सोयीसाठी रंगवल्या, हे ती विचारते. मराठी कादंबरीचं वय तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचं. ज्या वर्षी मराठी टीकेतला सगळ्यात मोठा मानला गेलेला माणूस, चिपळूणकर, गेला, त्याच वर्षी कादंबरीला हा प्रश्न विचारणारी वाचक बुलढाण्यात लिहीत होती. आपल्या समीक्षेच्या इतिहासात तिला कुठलं प्रकरण दिलंय? मी शोधलं. स्त्रियांच्या चळवळीच्या प्रकरणात सापडते ती, समीक्षेच्या नाही.

तिला गप्प केलं ते फक्त सनातन्यांनी, असं म्हणून कोणी सुटू नये. सत्यशोधक गोटातल्याही काहींना ते लिखाण झोंबलं. जोतीरावांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात आपल्याच माणसांचे कान उपटले आणि तिची बाजू घेतली. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. एकाच वर्षी निघालेल्या दोन पुस्तकांचं नशीब बघा. रमाबाईंच्या ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून त्यांच्या विलायतेच्या प्रवासाचा खर्च निघाला. ते पुस्तक बाईनं कसं वागावं ते सांगत होतं. ताराबाईंचं पुस्तक पुरुष कसा वागतो ते सांगत होतं. त्यानंतर तिचं दुसरं पुस्तक आलं नाही. पहिल्याची पुढची आवृत्ती निघाली १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांनी ते शोधून छापलं तेव्हा. त्र्याण्णव वर्षं. आणि योगायोग बघा, त्याच वर्षी कऱ्हाडला अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्षपदी दुर्गाबाई भागवत होत्या. १८७८ च्या पहिल्या ग्रंथकार सभेपासून २०२५ च्या दिल्लीपर्यंत अठ्ठ्याण्णव संमेलनं झाली. त्यात बायका अध्यक्ष किती? सहा. कुसुमावती देशपांडे, दुर्गाबाई, शांताबाई शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, तारा भवाळकर. माझ्यासारखीला तालुक्याच्या मांडवात बोलावून ही तूट भरून निघत नाही, हे मला कळतं.

पुस्तक चांगलं असलं की टिकतं, असं कालच्या परिसंवादात एक विद्वान म्हणाले. मला ते पटत नाही. पुस्तक टिकतं ते कोणी तरी कपाटात ठेवतो म्हणून, कोणी तरी यादीत लिहितो म्हणून, कोणी तरी वर्गात काढून वाचतो म्हणून. टिळक-आगरकरांच्या एकशेएक दिवसांची आठवण टिकली, कारण आगरकरांनी ती लगेच लिहून काढली आणि त्यांच्यामागे शाळा होती, छापखाना होता, दोन पत्रं होती. ताराबाईंच्या मागे पाचशे प्रती होत्या. मालश्यांना एक सापडली म्हणून आज मी इथे बोलतेय. ती वाळवीनं खाल्ली असती तर तुमच्या पत्रिकेवर फोटो नाही, ही सबबसुद्धा कोणाला द्यावी लागली नसती.

तेव्हा उद्याच्या खुल्या अधिवेशनासाठी मी एक ठराव देतेय. भाषेचं भलं व्हावं वगैरे ठराव दरवर्षी होतात आणि मांडव उतरला की मंडपवाल्याच्या टेम्पोत जातात. हा तसा नाही. या संमेलनाचा जमाखर्च मी मागवून बघितला. सजावट आणि मानचिन्हांवर जेवढी रक्कम दाखवलीय, त्यातल्या निम्म्या रकमेत ‘स्त्रीपुरुषतुलना’ची स्वस्त आवृत्ती निघते. ती काढा, टिपा देऊन काढा, आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात आणि माध्यमिक शाळेत एकेक प्रत पोचवा. पोच घेऊन या. माझं मानधन त्यात पहिलं धरा. आणि कमी पटाच्या ज्या शाळांची नावं बंद होणाऱ्यांच्या यादीत गेलीत, ती यादी संमेलनानं व्यासपीठावरून वाचावी, गावाच्या नावासकट, पालकमंत्री समोर बसलेले असताना. ते उद्या समारोपाला येणार आहेत असं पत्रिकेत छापलंय.

ठरावाची सूचक मी. अनुमोदकाची जागा कोरी ठेवलीय. चहाच्या सुट्टीत सही करायला या, पेन माझ्याकडे आहे.