गव्हाण आणि बाजार

(धर्मग्रामाच्या ज्युबिली-महोत्सवानिमित्त वरवे बुद्रुक येथें प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं गत वर्षांचें गुणगान करावें, हें साहजिकच होय. देऊळ उभारतांना ज्यांनीं घाम गाळला, ज्यांनीं आपल्या मुलांना जपमाळ हातीं धरावयास शिकविली, आणि जे आज प्रभूच्या सन्निध विसावले आहेत, त्या सर्वांचें स्मरण आपण आजच्या मिस्सेंत केलें आहे. परंतु ज्युबिली हा शब्द केवळ उत्सवाचा नाहीं. तो हिशेबाचाही आहे. म्हणून आज मी आपणांपुढें एक हिशेब मांडणार आहें. तो देवळाच्या वर्गणीचा नव्हे. तो आपल्या नाताळाचा आहे.

ज्युबिली हा शब्द मूळचा यहूदी लोकांचा. मेंढ्याच्या शिंगाच्या ज्या कर्ण्यानें त्या पवित्र वर्षाची द्वाही फिरविली जावयाची, त्याच्या नांवावरून तो आला. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत त्याचा विधि सांगितला आहे. पन्नासावें वर्ष आलें म्हणजे, दारिद्र्यामुळें ज्यानें आपलें शेत विकलें असेल त्याच्या कुळाला तें परत मिळावें, आणि दारिद्र्यामुळें जो दुसऱ्याच्या घरीं राबत असेल त्यानें मोकळें होऊन स्वगृहीं जावें, असा त्या विधीचा सारांश आहे. आपल्या मुलखांतील शेतकऱ्याला याचा अर्थ फोडून सांगण्याचें कारण नाहीं. सन १८७५ मध्यें याच पुणें जिल्ह्यांत, सुपें येथें, गांजलेल्या रयतेनें सावकारांचीं खतें व रोखे हिसकावून जाळले. कर्ज म्हणजे काय आणि कर्जमुक्ति म्हणजे काय, हें या मातीला चांगलें ठाऊक आहे.

पवित्र सभेनें हा अर्थ सोडलेला नाहीं. सन २०२५ च्या पवित्र वर्षाची घोषणा करतांना पोप फ्रान्सिस यांनीं श्रीमंत राष्ट्रांना गरीब राष्ट्रांचें कर्ज माफ करण्याची विनंती केली होती. तें वर्ष २४ डिसेंबर २०२४ रोजीं, म्हणजे नाताळच्या पूर्वसंध्येस, सुरू झालें. पोप फ्रान्सिस एप्रिल २०२५ मध्यें प्रभुचरणीं विलीन झाले, आणि ६ जानेवारी २०२६ रोजीं पोप लिओ चौदावे यांनीं पवित्र द्वार बंद करून त्या वर्षाची सांगता केली. नाताळच्या आरंभापासून तीन राजांच्या सणापर्यंत! जणूं कर्जमुक्तीची ही घोषणा गव्हाणीपाशींच सुरू व्हावी व गव्हाणीपाशींच पूर्ण व्हावी, अशीच ही योजना होती.

आतां आपल्या घरांकडे वळूं. ज्या सणापासून कर्जमुक्तीची द्वाही सुरू झाली, त्याच सणासाठीं आपण कर्ज काढीत आहों. जानेवारी उजाडला कीं हप्ता कसा भरावा या विवंचनेंत असलेलीं कुटुंबें आपल्यांत आहेत. त्यांचीं नांवें मी घेणार नाहीं, पण तीं कमी नाहींत. कोणी बचतगटाची रक्कम उचलून मुलाला नवा फोन घेतला. कोणी शेजाऱ्याच्या रोषणाईहून आपली रोषणाई उणी दिसूं नये म्हणून उसनवारी केली. कोणी भातविक्रीचा पैसा, जो पुढील बी-खतासाठीं ठेवावयाचा, तो आठ दिवसांत संपविला. आणि जिला हें कांहींच जमलें नाहीं, ती बाई मध्यरात्रीच्या मिस्सेला आलीच नाहीं. कारण मुलांच्या अंगावर नवे कपडे नव्हते. बंधूंनो, या शेवटल्या गोष्टीचा विचार करा. ज्याला जन्मतांच फडक्यांत गुंडाळून गव्हाणींत ठेवलें, त्याच्या वाढदिवशीं कपड्यांच्या लाजेनें एक माता देवळापासून दूर राहते! हें कोणत्या शुभवर्तमानांत बसतें?

आपल्या गांवाजवळून जाणारा पुणें-सातारा महामार्ग डिसेंबरांत पाहावा. हॉटेलांच्या दारीं कापसाची दाढी लावलेले नाताळबाबा उभे असतात. मुलें त्यांना पाहून हर्षतात, आणि मुलांचा हर्ष मोडावा असें मी म्हणणार नाहीं. पण हा बाबा मूळचा कोण, हें आपण मुलांना सांगितलें पाहिजे. चवथ्या शतकांत आजच्या तुर्कस्थानांत मायरा नांवाच्या नगरीचे निकोलस नामक बिशप होऊन गेले. ६ डिसेंबर हा त्यांचा सण. त्यांच्याविषयीं परंपरेनें अशी कथा आली आहे कीं, एका बुडालेल्या गृहस्थाला तीन मुली होत्या. हुंडा देण्याची ऐपत नसल्यामुळें त्या मुलींवर अनर्थ ओढवणार होता. संत निकोलस यांनीं रात्रीं, कोणी पाहूं नये अशा वेळीं, खिडकींतून सोन्याच्या थैल्या आंत टाकल्या आणि त्या घराची अब्रू राखली. पुढें हॉलंडांतील लोकांच्या तोंडीं त्यांचें नांव ‘सिंटरक्लास’ झालें, अमेरिकेंत त्याचें ‘सांता क्लॉज’ झालें, आणि बिशपांचा झगा व मुकुट गळून पडला. सन १९३१ पासून हॅडन सन्डब्लॉम नांवाच्या चित्रकारानें कोका-कोला या पेयाच्या जाहिरातींसाठीं त्यांचीं चित्रें काढलीं, आणि तोच गुबगुबीत, हंसरा चेहरा जगभर रूढ झाला.

फरक ध्यानांत घ्या. संत निकोलस अंधारांत देत होते. हा बाबा दिव्यांच्या झगमगाटांत उभा राहतो. संत निकोलस यांनीं एका बापाला आर्थिक संकटांतून सोडविलें. या बाबाच्या नांवानें अनेक बाप आर्थिक संकटांत पडतात.

बाजाराचें बळ किती मोठें असतें, याचा एक दाखला सांगतों. अमेरिकेंत देवाचे आभार मानण्याचा एक राष्ट्रीय सण नोव्हेंबरच्या अखेरच्या गुरुवारीं पाळला जात असे, आणि त्यानंतर नाताळची खरेदी सुरू होई. सन १९३९ मध्यें तो गुरुवार महिन्याच्या ३० तारखेस आला. खरेदीला दिवस थोडे उरतात, अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. म्हणून अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं तो सण एक आठवडा अलीकडे, २३ तारखेस आणला. कांहीं प्रांतांनीं नवी तारीख पाळली, कांहींनीं जुनी. अखेर १९४१ सालीं कायदा करून चवथा गुरुवार ठरवावा लागला. देवाचे आभार मानण्याचा दिवससुद्धां दुकानाच्या सोयीनें हलला!

आपल्याकडेही तसेंच होत आहे. पवित्र सभा नाताळपूर्वीचे चार रविवार आगमनकाळ म्हणून पाळते. ते प्रतीक्षेचे, प्रार्थनेचे व पश्चात्तापाचे दिवस. नाताळ सुरू होतो तो २५ डिसेंबरला, आणि चालतो तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत. दुकानांचा नाताळ मात्र नोव्हेंबरांतच लागतो आणि २६ डिसेंबरला उतरविला जातो. म्हणजे देवळांत जेव्हां बाळ येशू गव्हाणींत निजलेला असतो, तेव्हां बाजारांत त्याचा सण उरकलेला असतो. आपण कोणत्या पंचांगानें चालावयाचें, हें आपण ठरविलें पाहिजे.

याचा अर्थ उत्सव टाकून द्यावा असा नव्हे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतींत प्युरिटन पंथाच्या लोकांनीं १६५९ सालीं नाताळ पाळण्यावर पांच शिलिंगांचा दंड बसविला होता. तो कायदा १६८१ मध्यें रद्द झाला. कॅथोलिक श्रद्धेची ही रीत नव्हे. ज्या देवानें देह धारण केला, त्याला आपला आनंदही देहाचा चालतो. करंज्या, कुलकुल, दारावरचा तारा, लहानग्याच्या अंगावरचें नवें आंगडें, हीं सर्व पवित्र होऊं शकतात. भेट देणें हें तर नाताळच्या गाभ्यांतच आहे. पित्यानें आपला पुत्र दिला, तीच पहिली भेट.

व्यापारही पाप नव्हे. संत योसेफ सुतारकामावर घर चालवीत. संत पौल तंबू शिवीत. फिलिप्पै नगरांत संत पौलांना आपल्या घरीं ठेवून घेणारी लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करीत असे. नसरापूरच्या बाजारांत जो दुकानदार कागदी तारे विकतो, त्याच्या मुलांचें पोट त्यावर भरतें. त्याच्याकडून तारा जरूर घ्यावा आणि रोख पैसे द्यावे. आपल्या स्मरणिकेच्या अखेरीस जाहिराती छापल्या जाणार आहेत, याकडे कोणी बोट दाखवील. त्याला माझें उत्तर सरळ आहे: कागद व छपाई यांस पैसा लागतो, व्यापाऱ्यांनीं तो दिला, त्यांचीं नांवें त्यांच्या पानावर आलीं, आणि आपण त्यांचे आभारी आहों. परंतु गव्हाणीशेजारीं एका विक्रेत्याचा फलक लावूं द्यावा, म्हणजे रोषणाईचा सारा खर्च तो उचलील, अशी जी सूचना आली होती, ती मीं स्वीकारली नाहीं. ज्यांना ती लाभाची वाटली त्यांचा हेतु चांगलाच होता. पण स्मरणिकेचें पान विकतां येतें, गव्हाणीची जागा विकतां येत नाहीं. यंदा दिवे कमी लागतील. बेथलेहेमांतही ते फार नव्हते.

सन १२२३ मध्यें संत फ्रान्सिस यांनीं इटलींतील ग्रेच्चो गांवीं पहिली गव्हाण मांडली, तेव्हां त्यांनीं काय मागविलें? गवत, एक बैल आणि एक गाढव. त्या गव्हाणीवरच मिस्सा झाली. शहरांतील मुलांना गोठा चित्रांत दाखवावा लागतो. आपल्या मुलांना तो घराच्या मागेंच आहे. भाताचा पेंढा, शेणाचा वास, डिसेंबरच्या रात्रींचा डोंगरी गारठा, हें सर्व आपल्याला फुकट मिळालें आहे. मग दुकानांतून आणलेल्या प्लास्टिकच्या गोठ्याची आपल्याला हौस कां वाटावी?

तीन ज्ञानी पुरुषांनीं सोनें, ऊद व गंधरस आणला, हें आपण सर्व जाणतों. पण त्याच बालकासाठीं आणखी एक अर्पण झालें, तें आपण विसरतों. संत लूक सांगतात कीं, मारियामातेनें व योसेफांनीं बाळाला मंदिरांत नेलें, तेव्हां नियमशास्त्रानें जें अर्पण सांगितलें होतें तें, पारव्यांची एक जोडी किंवा कबुतराचीं दोन पिलें, त्यांनीं दिलें. ज्याला कोकरूं परवडत नसे, त्या गरिबासाठीं ही सवलत होती. पवित्र मारियेनें कोकरासाठीं कर्ज काढलें नाहीं. ऐपतीप्रमाणें दिलें, आणि मान खालीं घातली नाहीं. मातांनो, आपल्या मुलांना हें सांगा.

खरी भेट कशी असते, तें आपल्या जुन्या चालींत दिसतें. गोव्यांत नाताळला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गोडधोडाचें ताट पाठवितात. ज्या घरीं दुखवटा असेल तेथें पक्वान्न होत नाहीं, म्हणून तेथें शेजारी आठवणीनें देतात. आपले हिंदू शेजारीही दिवाळींत तेंच करतात. ज्या घरीं मृत्यु झाला, तेथें फराळाचा डबा दुसऱ्या घरून जातो. या डब्याला किंमतीची चिठ्ठी नसते. आणि पुणें शहरांतील पहिल्या कॅथोलिक देवळाला, क्वार्टर गेटाजवळील निष्कलंक मातेच्या देवळाला, १७९२ सालीं जागा कोणी दिली? सवाई माधवराव पेशव्यांनीं. आपल्या लष्करांतील ख्रिस्ती शिपायांना उपासनेस ठिकाण असावें म्हणून एका हिंदू राज्यकर्त्यानें दिलेल्या त्या भूमीवर आजही मिस्सा होते. दान असें टिकतें.

म्हणून या ज्युबिलीनिमित्त मी आपणांपुढें चार गोष्टी ठेवतों. पहिली, यंदाच्या नाताळसाठीं आपल्यांतील कोणत्याही घरानें कर्ज अगर हप्ता घेऊं नये. दुसरी, ज्याच्याकडे मजूर कामास आहेत, त्यानें त्यांची बाकी मजुरी मध्यरात्रीच्या मिस्सेपूर्वीं चुकती करावी. मजुराचा पैसा अडवून पेटविलेला तारा प्रभूला दिसत नाहीं. तिसरी, प्रत्येक घरानें एक ताट दुखवट्याच्या, आजारी माणसाच्या अगर निराधार घरीं पाठवावें, मग तें घर कोणत्याही धर्माचें असो. चवथी गोष्ट अवघड आहे, आणि खरी ज्युबिली तीच. आपल्यांत ज्यांनीं दुसऱ्यास लहानसहान रक्कम उसनी दिली आहे, आणि घेणारा खरोखरच फेडूं शकत नाहीं, त्यांनीं त्यांतली जमेल तेवढी सोडून द्यावी. कोणाचें किती सोडलें हें मला सांगूं नये, देवळांत वाचून दाखवूं नये, स्मरणिकेंत छापूं नये. संत निकोलस यांच्या थैलीप्रमाणें तें अंधारांत व्हावें.

आणि नव्या कपड्यांवांचून घरीं राहिलेली ती माता यंदा आली, तर तिला पुढल्या बाकावर जागा करून द्या. गव्हाणीजवळची ती जागा तिचीच आहे.

बाल येशू आपणां सर्वांच्या घरीं येवो, व पवित्र मारिया आपलें रक्षण करो. आमेन.